ईश्वर मेश्राम सफारीला गेला नाही

“आपण पाहुणे आहोत. पाहुण्यानं जरा मागं उभं राहावं.”

हे ईश्वर मेश्रामचं वाक्य. गाडी लावायला जागा शोधताना तो ते म्हणायचा, कुणाच्या घरी गाण्यांचा आवाज वाढला की म्हणायचा, तळ्याकाठी बदकांना पोळीचे तुकडे टाकणाऱ्या आमच्याच एखाद्या बाईला हात जोडून म्हणायचा. मी ते पहिल्यांदा ऐकलं ते एका अस्वलामुळे.

अमेरिकेत, पार्सिपनीला मुलाकडे येऊन मला फार दिवस झाले नव्हते. प्रफुल्लच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, भाड्याच्या घरांच्या तीन मजली इमारती आहेत आणि त्यांच्या मागे कचऱ्याचे लोखंडी डबे. एका संध्याकाळी तिथं काळं अस्वल उतरलं. टेकडीवरून आलं आणि डब्यात तोंड घालून बसलं, बाजाराच्या दिवशी माणूस फुटाण्याची पुडी घेऊन बसतो तसं. बघता बघता माणसं जमली. सगळ्यांच्या हातात मोबाईल, निम्मी माणसं आपलीच. कुणी पोराला खांद्यावर घेऊन पुढं सरकतोय, कुणी बायकोला म्हणतोय, तू जरा डावीकडे उभी राहा, म्हणजे दोघंही येतील.

त्या सगळ्यांच्या आणि अस्वलाच्या मधे एक बुटका, सावळा माणूस हात पसरून उभा होता. ओरडत नव्हता. अस्वलाकडे पाठही करत नव्हता. तिरका उभा राहून हळूहळू माणसांना मागं रेटत होता.

“अरे यार ईश्वर, फोटो तरी काढू दे,” माझा प्रफुल्ल म्हणाला.

“काढ ना. मागून काढ. त्याच्या परतीच्या वाटेवर उभा आहेस तू.”

“काय करणारे ते? पिझ्झा खातंय बिचारं.”

“तू जेवताना कोणी असं भोवती उभं राहिलं तर चालेल तुला?” आणि मग ते वाक्य.

अस्वल उठलं, एक पिशवी तोंडात धरून झाडीत गेलं. माणसं पांगली. त्या माणसानं माझ्या धोतराकडे पाहिलं, जवळ आला, हात जोडून जय भीम म्हणाला. मीही म्हणालो. गाव विचारलं. मी साकोलीकडचा म्हटल्यावर त्याचा चेहरा एकदम उजळला.

“मी नवेगावबांधच्या बाजूचा, काका. तुमच्या-माझ्या गावात एक जंगलच तेवढं आडवं.”

त्या दिवसापासून रोज जेवणानंतर मी रस्ता ओलांडून त्याच्याकडे जाऊ लागलो. तो दोन दिवस ऑफिसला जायचा, बाकीचे दिवस घरूनच काम करायचा. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये चुका शोधणं हे त्याचं काम. त्याची बायको शीला भंडाऱ्याची, तोंडाची मोकळी. मुलगी पायल सोळा वर्षांची, इथंच जन्मलेली. ती मला आजोबा म्हणायची आणि पुढचं सगळं इंग्रजीत बोलायची. मी मराठीत उत्तर द्यायचो. आमचं छान चालायचं.

ईश्वरचा बाप डोमाजी जंगलखात्यात रोजंदारीवर होता. उन्हाळ्यात आगीवर राखण, पावसाळ्यात रोपं लावणं. आई मोहफुलं वेचायची, तेंदूपानाच्या दिवसांत पुडे बांधायची. पोरगा हुशार निघाला. नागपूरला इंजिनियर झाला, पुण्यात नोकरीला लागला आणि कंपनीनं त्याला इकडे पाठवलं. इथवरची गोष्ट इथल्या कुणाचीही असेल. पण ईश्वरच्या मनात एक जागा होती. ती त्यानं मला दाखवली ती तळ्याकाठच्या बाकावर, एका रविवारी सकाळी.

“आमच्या गावात एका वर्षी चारा संपला, काका,” तो म्हणाला. “सगळ्यांनी गुरं जंगलात घातली. आतमधे एक पाणवठा होता, तिथं. मग गुरांना लाळ-खुरकूत आली. सगळ्यांना माहीत होतं की गुरं आजारी आहेत. पण घरी बांधून घालायचं काय? बाबांनीही आमची जोडी आतच चारली.”

तळ्यात बदकं फिरत होती.

“थोड्या दिवसांनी मी बाबांसोबत आत गेलो. पाणवठ्यापाशी रानगवा बसला होता. केवढं धूड, काका! तोंडातून फेस लोंबत होता. खूर सुटला होता, निघून येईल असा. आम्ही समोर उभे, तरी उठला नाही. आमच्याकडे बघत राहिला. बाबा तिथंच मातीत बसले. त्याला काय करणार होतो आम्ही? पाणी पाजणार होतो की दवा देणार होतो? रानातलं जनावर ते. तो रोग आपणच आत नेला होता. आपल्या पायांनी.”

त्याच्या बापानं पुन्हा कधी गुरं जंगलात घातली नाहीत. पोरानं मात्र तो गवा सोबत घेतला आणि पुण्याहून इकडे आणला.

पुढं कधीतरी त्यानं टीव्हीवर युगांडाचं जंगल पाहिलं. डोंगराळ, दाट, धुक्यात बुडालेलं. त्यात गोरिला राहतात, कुटुंबं करून. माणसं त्यांना बघायला जातात, पण कशी? थोडीच माणसं, तोंडाला मास्क, मधे अंतर, तासाभरात परत. आणि ज्याला सर्दी-खोकला असेल त्यानं खालच्या ठाण्यावरच थांबायचं. कारण माणसाची साधी सर्दी गोरिलाला होते आणि त्यात तो मरूही शकतो. माणसाला हात धरून मागं उभं करतात असं एक जंगल पृथ्वीवर आहे, हे ईश्वरला कळलं, आणि मरण्याआधी ते एकदा बघायचं असं त्यानं ठरवलं. दुसरी हौस नव्हती त्याला. इथं आलेली माणसं समुद्रात बोटीनं हिंडतात, जुगाराच्या शहरात जाऊन येतात. तो कुठं गेला नाही.

सफारी त्यानंच उभी केली. किबालेच्या जंगलात चिंपांझी, क्वीन एलिझाबेथ उद्यानात हत्ती, पाणघोडे आणि झाडावर चढणारे सिंह, आणि शेवटी ब्विंडीत गोरिला. प्रफुल्ल आणि माझी सून अपर्णा तयार झाली. प्रफुल्लच्या ऑफिसातला नरेंद्र तयार झाला. पायल तर बापाआधी तयार होती. पंधराच्या खालच्या मुलांना गोरिलांकडे नेत नाहीत, म्हणून ती पंधराची व्हायची वाट बघून बापलेकीनं हा उन्हाळा धरला होता.

शीला मात्र म्हणाली, “माकडं बघायला एवढ्या लांब? आमच्या कौलांवर काय कमी होती? मी घर सांभाळते.”

ईश्वर रविवारी सगळ्यांची तालीम घ्यायचा. तळ्यामागच्या टेकडीवर पाठीला ओझं बांधून चढवायचा. मग झाडीत नेऊन खाली बसवायचा. गोरिला अंगावर आल्यासारखा करेल, तेव्हा पळायचं नाही. खाली बसायचं, मान वाकवायची, डोळ्याला डोळा द्यायचा नाही, आणि घशातून जाड आवाज काढायचा. ऊं-ऊंम. म्हणजे त्याला कळतं, हा भांडायला आलेला नाही.

एकदा सगळे असे झाडीत उकिडवे बसून माना खाली घालून ऊं-ऊंम करत होते. तेवढ्यात एक गोरी बाई पळायच्या कपड्यात तिथून चालली होती. ती थांबली. सगळे ठीक आहात ना, असं काहीसं तिनं इंग्रजीत विचारलं. नरेंद्रला उठता येईना. त्याच्या पोटानं त्याला धरून ठेवलं होतं.

“वुई आर प्रॅक्टिसिंग,” तो खालूनच म्हणाला.

“फॉर व्हॉट?” बाईनं विचारलं.

“गोरिला.”

बाई जरा भराभरच निघून गेली. अपर्णा हसून हसून झाडाला टेकली. पायल म्हणाली, “बाबा, दिस इज सो एम्बॅरसिंग.” आणि ईश्वर उठून त्या बाईच्या मागं चार पावलं गेला, सॉरी म्हणायला. परत येऊन म्हणाला, “हळू आवाजात करा रे. आपण पाहुणे आहोत.”

त्याच दिवशी त्यानं सगळ्यांना सर्दी-खोकल्याचा नियमही समजावला. नरेंद्र म्हणाला, “म्हणजे एवढं जाऊन, तिथं शिंक आली तर?”

“तर खाली बसून चहा प्यायचा.”

“तू बसशील?”

“मी पहिला बसीन,” ईश्वर म्हणाला. त्याच्या बोलण्यात जराही चढेलपणा नव्हता. त्याला ते खरंच तसंच वाटत होतं.

आता शिक्क्याची गोष्ट सांगायला हवी. ईश्वरकडे इथं राहायचा आणि काम करायचा कागद होता. तो चांगला होता, कायद्याचा होता. पण देशाबाहेर गेलं तर परत आत यायला पासपोर्टात व्हिसाचा शिक्का लागतो, आणि त्याचा शिक्का केव्हाच जुना झाला होता. नवा मिळतो तो भारतात, मुलाखत देऊन. म्हणून इथली माणसं आईबाप आजारी पडले तरी आधी शिक्क्याची तारीख बघतात आणि मग रडायला बसतात. ईश्वरनं तारीख मिळवली होती. आधी भारतात जायचं, शिक्का घ्यायचा, तिथून युगांडात उतरून सगळ्यांना गाठायचं, असं त्यानं ठरवलं होतं. प्रफुल्लसारख्यांना ही कटकट नव्हती, त्याचं ग्रीन कार्ड झालं होतं. पायल इथली नागरिक.

बॅगा भरायच्या आठवड्यात त्याला मेल आला. तारीख पुढं गेली होती. पुढच्या वर्षात.

मी गेलो तेव्हा तो लॅपटॉपसमोर बसला होता. शीला म्हणाली, “काका, सकाळपासून हेच. तारीख बदलून मिळते का बघतोय. दर पाच मिनिटांनी बटण दाबतोय.”

“तसाच जा,” मी म्हणालो. “पुढचं पुढं बघू.”

“गेलो तर बाहेरच अडकीन, काका. पुढच्या वर्षापर्यंत. नोकरी जाईल. नोकरी गेली की हिचाही कागद जाईल, घर जाईल. पायलची शाळा...” त्यानं लॅपटॉप मिटला. “बाहेर जायला कोणी अडवत नाही. दार उघडंच आहे. ते परत उघडत नाही, एवढंच.”

पायल दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, “देन आय ॲम नॉट गोइंग.”

“तू जायचं,” तो म्हणाला. “तू बघ. तू बघितलंस म्हणजे मी बघितलं.”

हे शब्द त्यानं प्रेमानं म्हटले. मी तिथंच बसलो होतो, आणि मलाही ते गोड वाटले.

सफारी सुरू झाली आणि ईश्वर स्वयंपाकघरात टेबलावर नकाशा पसरून बसला. युगांडात दुपार झाली की आमच्याकडे सकाळ असायची, तेव्हा मोबाईल वाजू लागायचा. किबालेतून पायलनं चिंपांझींचा आवाज पाठवला. आधी एकजण हळू हूं हूं करतो, मग दुसरा, मग सगळं झाड किंचाळायला लागतं. ईश्वर डोळे मिटून ऐकत होता. शीला भांडी लावत म्हणाली, “आपल्या महाराष्ट्र मंडळाची मिटिंग का ही?”

नरेंद्रचा आवाज यायचा: “ईश्वर, यार, सिंह झाडावर झोपलेत! पाय खाली सोडून! आणि आमचा ड्रायव्हर त्याच झाडाखाली गाडी बंद करून डबा खातोय!” त्याच्या बोलण्यात शिंका असायच्या. धूळ फार आहे, म्हणायचा.

ईश्वर प्रत्येकाला उत्तर द्यायचा. गाडीतून हात बाहेर काढू नका. हत्तिणीजवळ पिल्लू असेल तर ड्रायव्हरला मागं घ्यायला सांगा. मला वाटायचं, हाच तिथं आहे आणि बाकीचे इथं बसलेत. पण फोन ठेवला की तो खिडकीबाहेर गाड्या लावलेल्या जागेकडे बघत राहायचा, आणि मग कामाला बसायचा.

गोरिलांच्या आदल्या दिवशी, आमच्या दुपारच्या जेवणाच्या वेळी पायलचा फोन आला. पडद्यावर तिचा चेहरा दिसला. मागं अंधारत चाललेला डोंगर, त्यावर ढग बसलेले. तिचं नाक लाल झालं होतं.

“बाबा, आय थिंक मला सर्दी झालीय.”

ईश्वरनं हातातला घास ताटात ठेवला. “ताप?”

“थोडासा. नरेंद्रकाकांची लागली बहुतेक. गाडीत एसी पण होता.”

“खोकला?”

तिनं नाक पुसलं. मग तिला खोकला आला. तेच उत्तर झालं.

“बरं,” ईश्वर म्हणाला. “सकाळी ठाण्यावर रेंजरला सांग. अपर्णाकाकू तुझ्याजवळ थांबतील.”

“सांगितलं तर नेणार नाहीत.”

“मग नाही नेणार.”

बाजूनं माझ्या प्रफुल्लचं डोकं पडद्यात आलं. “अरे ईश्वर, काही नाही रे. साधी सर्दी आहे. मी गोळी देतो, सकाळपर्यंत ताप उतरेल. मास्क आहेच ना वर. एवढ्या लांब येऊन पोरीला खाली बसवू का मी?”

“बसव. प्लीज बसव.”

“तू पण ना, यार! एवढं तर त्यांचे डॉक्टरही नसतील बोलत.”

मी पुढं वाकलो. “प्रफुल्ल, त्याची पोर आहे. तो म्हणतो तसं कर.”

“बाबूजी, तुम्ही जेवा.”

पायल पुन्हा पुढं आली. तिचे डोळे भरले होते. “बाबा, यू डोन्ट गेट इट. मी माझ्यासाठी नाही आले. तुम्ही म्हणालात, तू बघ म्हणजे मी बघितलं. मी खाली बसले तर तुम्ही पण खाली बसलात. मग कोणी आलंच नाही.”

ईश्वरनं मोबाईल जवळ ओढला. तो म्हणाला, “मी नाही बघितलं तरी चालेल, बेटा. ऐक. आपण तिथं...”

चित्र थांबलं. पायलचं तोंड अर्धं उघडं तसंच राहिलं. ईश्वर त्या थांबलेल्या चेहऱ्याशी बोलत राहिला, सगळं वाक्य पुरं केलं, पाहुणे आहोत, मागं उभं राहायचं. मग पडदा काळा झाला.

त्यानं परत लावला, लागला नाही. त्यानं लिहिलं. अपर्णाला वेगळं लिहिलं: तिला खालीच ठेवा. त्या शब्दांपुढं एकच बारीक खूण उमटली आणि तशीच राहिली. निरोप इथून निघाला होता, तिथं पोचला नव्हता. बऱ्याच वेळानं पायलचं उत्तर आलं. ओके बाबा. एवढंच.

“ओके म्हणाली,” तो शीलाला म्हणाला.

“म्हणाली ना? मग जेव आता. भात निवला.”

तो जेवला नाही. मला वाटलं त्याला सांगावं, ईश्वर, माझ्या पोराला मी ओळखतो. पण सांगून तो काय करणार होता? जोडे घालून कुठं निघणार होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो तर तो रस्ता ओलांडून आला, घरातल्या चपलांत. मोबाईल माझ्यासमोर धरला. पायलनं लिहिलं होतं: बाबा, सकाळी एकदम बरं वाटलं. सर्दी नव्हती, धुळीची ॲलर्जी होती. ताप नाही. गेले. बघितला. खाली एक फोटो. पानांच्या गर्दीत मोठी काळी पाठ, त्या पाठीवर रुपेरी केस.

“ॲलर्जी होती, काका,” ईश्वर म्हणाला. “धुळीची. मलाही व्हायची नागपूरला.”

“होते ना,” मी म्हणालो.

“हा थोराड नर. कुटुंबाचा म्होरक्या. बघा, पाठ किती रुंद आहे.” आणि थोड्या वेळानं पुन्हा, “ॲलर्जीच होती.”

ते दिवस त्याच्या सुखाचे होते. मी त्याला तसा आधी कधी पाहिला नव्हता, पुढंही पाहिला नाही. तो फोटो त्यानं मोठा करून भिंतीवर लावला. बोलता बोलता हात पसरून पाठीची रुंदी दाखवायचा. गावी आईला फोन करून सांगितलं, तुझ्या नातीनं पाहिला. म्हातारीला वाटलं वाघ. तो खूप हसला.

माणसं परत आली. पायलची सर्दी एव्हाना गेली होती. तिची शाळा, प्रफुल्लचं काम, यात बरेच दिवस गेले, आणि मग एका रविवारी दुपारी प्रफुल्लनं तळघरात सगळ्यांना बोलावलं. आमच्या तळघरात भिंतीएवढा टीव्ही आहे. पावभाजी होती. ओळखीची घरं आली होती. ईश्वर सगळ्यांच्या पुढं, गालिच्यावर मांडी घालून बसला, पोरं बसतात तसा. शीला त्याच्या मागं खुर्चीवर. मी जिन्यापाशी.

प्रफुल्लनं व्हिडिओ लावला. आधी नुसतं हिरवं. कोयत्यानं वेली तोडणारा वाटाड्या, त्याचं नाव बेन्सन. धापा टाकणारा नरेंद्र. मग कुणीतरी श्श म्हणालं, आणि पानं बाजूला झाली.

तो बसला होता. देठ सोलून खात होता. घाई नाही, भीती नाही. माणसांकडे एकदा बघितलं आणि पुन्हा देठाकडे वळला. ईश्वरची पाठच मला दिसत होती. ती हलत नव्हती.

मग एक पिल्लू आलं. कोलांटी मारत, पडत, उठत. बेन्सनचा आवाज आला, मागं व्हा, मागं. सगळे मागं सरले. पायल सरली नाही. ती गुडघ्यांवर बसली होती, मास्क हनुवटीवर ओढलेला, डोळे चमकत होते. पिल्लू तिच्यासमोर येऊन बसलं. हात लांब केला तर पोचेल, इतकं जवळ. मान तिरकी करून बघायला लागलं.

“सो क्यूट!” कुणीतरी म्हणालं.

“पायलला ओळखतंय ते!” नरेंद्र म्हणाला, आणि सगळे हसले.

त्या हसण्याच्या खाली पायल खोकली. आधी एकदा, उघड्या तोंडानं. मग तोंडावर हात दाबून धरला, आणि खांदे हलत राहिले.

“मागं घे,” ईश्वर म्हणाला.

प्रफुल्लला वाटलं याला पिल्लू पुन्हा बघायचंय. त्यानं खुशीत मागं घेतलं.

“आवाज वाढव.”

आवाज वाढला. या खेपेला कुणी हसलं नाही. भिंतीएवढ्या टीव्हीतून तो खोकला तळघरभर ऐकू आला, ओला, छातीतला.

“परत.”

अपर्णानं प्रफुल्लच्या हातातून रिमोट काढून घेतला आणि उशीखाली ठेवला. चित्र थांबलं होतं. पिल्लू मान तिरकी करून बसलेलं.

ईश्वरनं मागं न वळता विचारलं, “ताप होता?”

“बाबा...”

“होता?”

“सकाळी पण होता. गोळी घेतली. त्यांनी थर्मामीटर लावला, तेव्हा नॉर्मल आला.”

“अरे ईश्वर, यार,” प्रफुल्ल म्हणाला, “इतके दिवस झाले. काही झालं असतं तर कळलं नसतं का?”

“कुणाला?”

“म्हणजे... पेपरात आलं असतं.”

“बेन्सनचा नंबर दे.”

“त्याला कशाला? त्याचं लायसन्स जाईल उगाच. बिचाऱ्याला माहीत पण नाही.”

“नंबर दे, प्रफुल्ल.”

युगांडात तेव्हा रात्रीची जेवणवेळ उलटली असावी. ईश्वर माझ्याजवळ जिन्यात येऊन उभा राहिला आणि फोन लावला. बेन्सननं उचलला. ईश्वरचं इंग्रजी मला समजेल इतकं साधं होतं. माझी मुलगी आजारी होती. तिनं लपवलं. ती पिल्लाजवळ खोकली. तुमच्या डॉक्टरांना सांगा, त्या कुटुंबाकडे बघायला सांगा. चूक तुमची नाही, माझी आहे, तसं मी लिहून देतो.

मग बेन्सन बोलला, ते ईश्वरनं फोन ठेवल्यावर मला मराठीत सांगितलं. ते कुटुंब आता तिथं नाही. डोंगर ओलांडून कांगोच्या बाजूला उतरलं. तिकडे यांची माणसं जात नाहीत. परत येतील तेव्हा मोजतील. केव्हा येतील ते सांगता येत नाही. कळवल्याबद्दल त्यानं ईश्वरचे आभार मानले.

“म्हणजे आता?” मी विचारलं.

“आता काही नाही, काका.”

पायल जिन्याच्या खालच्या पायरीशी येऊन उभी होती. रडत नव्हती. तिनं मराठीत, एकेक शब्द जुळवत म्हटलं, “मी तुमच्यासाठी गेले होते.”

मला वाटलं आता हा ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं, पोर मोकळी झाली असती. पण तिला बोलायला त्याच्याकडे तोंड उरलं नव्हतं. तिला जंगलात पाठवणारे शब्द त्याचेच होते. तो मान हलवून म्हणाला, “हो. माझ्यासाठीच.”

मग तो जिना चढला. खाली कुणीतरी दुसरा व्हिडिओ लावला, सिंहांचा, काहीतरी आवाज हवा म्हणून. मी त्याच्या मागोमाग वर आलो. त्यानं जोडे घातले, नाड्या नीट बांधल्या आणि बाहेर पडला. त्याचं घर समोरच होतं. तो तिकडे गेला नाही. तो उजवीकडे वळला, टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्यानं. तिथं चालायला फरसबंदी नाही. गाड्या जवळून जातात, म्हणून तो कडेच्या गवतातून चालला होता, मान खाली घालून. प्रत्येक गाडीला थोडा आणखी बाजूला सरकायचा.

मी दारात उभा होतो. माझ्याजवळ पायल येऊन उभी राहिली. तिनं एकदा बाबा म्हणून हाक मारली, पण ती इतकी हळू की मलाच जेमतेम ऐकू आली. शीला वर आली तेव्हा आम्ही दोघं त्या वळणाकडेच बघत होतो, आणि तो त्या वळणापलीकडे गेला होता.